आभाळातून कडं पडलं, मग पुढे?

२ एप्रिल २०२२, पाडव्याचा दिवस. गुढी उतरवून झाली होती, दुपारची पुरणपोळी अजून अंगावर होती आणि मी दुकानाच्या ओट्यावर पाय पसरून बसलो होतो. पावणेआठच्या सुमारास आभाळातून काहीतरी जळत सरकायला लागलं. तारा तुटतो तसं ते चटकन विझलं नाही. रात्रीच्या रस्त्यानं कंदील लावलेल्या बंड्या एकामागे एक जाव्यात, तसे ते ठिपके सावकाश पुढे गेले. सगळी गल्ली माना वर करून उभी. कोणी म्हणे विमान पडलं, कोणी म्हणे मिसाईल. एका आजीनं हात जोडले आणि नातवाला घरात ओढलं. थोड्या वेळानं फोन सुरू झाले की आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला आभाळातून धातूचं कडं पडलं. तीन मीटर व्यासाचं. पुढच्या एकदोन दिवसांत आसपासच्या शिवारांत धातूचे गोळेही सापडले.

मग आपल्याकडे अशा वेळी होतं ते झालं. पोलीस आले, तहसीलचे लोक आले, मोजमाप झालं, कडं उचलून ठाण्यात गेलं. काही दिवसांनी इस्रोचे शास्त्रज्ञ पाहून गेले. खगोलतज्ज्ञांनी हिशेब लावला की हा चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटचा वरचा टप्पा असावा, फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या. म्हणजे वर्षभराहून अधिक काळ ते धूड पृथ्वीभोवती घिरट्या घालत होतं आणि उतरलं कुठं, तर आमच्या धानाच्या मुलखात. कोणाला इजा झाली नाही.

माझा भाचा तेव्हा बारावीत होता. तो म्हणाला, “मामा, याच्यावर पिच्चर निघाला पाहिजे.” मला पटलं. अजून निघाला नाही. का निघत नाही, आणि निघाला तर कसा निघेल, हे डोक्यात घोळत राहिलं. त्यातून हा लेख.

आधी माझा अधिकार सांगतो, म्हणजे कोणाची फसवणूक नको. काहीच नाही. मी मोटार रिवाइंडिंग करतो. पाण्याच्या जळालेल्या मोटारी खोलायच्या, काळी पडलेली तार उपसून काढायची, खाचांत नवा कागद घालायचा, नवे वेढे भरायचे, वार्निश करून सुकवायचे. वार्निश सुकेपर्यंत हात रिकामे असतात. तेवढ्या वेळात मोबाईलवर जे समोर येईल ते पाहतो. त्यात अंतराळाचे आणि थरारपट जास्त, कारण भाच्यानं फोनला तीच सवय लावून ठेवली आहे. एक सिनेमा माझा तीन मोटारींत पुरा होतो.

अशा सिनेमांबद्दल दोन वाक्यं वारंवार कानावर येतात. एक, गावच्या पब्लिकला विज्ञानाचं काही कळत नाही, त्याला मारामारी आणि गाणी पुरतात. दुसरं वाक्य भाच्याचं, “लॉजिक नोको लावू ना मामा, पिच्चर आहे.” वरवर ही वाक्यं वेगळी दिसतात, पण एकाच घरची आहेत. पाहणाऱ्यानं हिशेब विचारू नये, असं दोन्हींचं म्हणणं. माझं म्हणणं असं की विज्ञानपट आणि थरारपट ही हिशेबाचीच कामं आहेत. काहीतरी अचाट घडतं, ठीक आहे, घडू द्या. पण मग पुढे काय झालं, ते कोणाच्या जागेत पडलं, भरपाई कोणी दिली, साक्षीदार कोण, हे सांगायची जबाबदारी घेतली तरच त्या अचाटपणाला वजन येतं. आपले बहुतेक सिनेमे कडं पाडतात आणि पंचनाम्याच्या आधी पळून जातात.

माझ्या धंद्यात वेढे मोजावे लागतात. एका गुंडाळीत बावन्न बसत असतील तर बावन्नच. पन्नास घातले तरी मोटार सुरू होते, आवाजही बरा करते, गिऱ्हाईक खूश होऊन घेऊन जातं. पंधरा दिवसांनी ती परत येते. सिनेमात जेव्हा हिरो पॅनेलचं झाकण उचकटून दोन तारा एकमेकींना चिकटवतो आणि बंद पडलेलं अख्खं यान घरघरायला लागतं, तेव्हा मला तो पन्नास वेढ्यांचा मिस्त्री दिसतो. यानाला जरा धक्का बसला की पॅनेलमधून ठिणग्यांचा पाऊस का पडतो, हे तर मला आजवर उमगलं नाही. एवढी प्रगत मंडळी, आणि फ्यूज नाही? आमच्या डीपीत फ्यूजच्या जागी जाड तार घालतात हे खरं, पण आम्ही काही दुसऱ्या आकाशगंगेत निघालेलो नाही.

उलट बाजूचं उदाहरण देतो. २०१५ चा ‘द मार्शियन’. मंगळावर एकटा अडकलेला माणूस बटाटे लावतो. दुकानात तिघे-चौघे होतो, सगळे शेतीवाले. खत कुठून आणलं हा पहिला प्रश्न, आणि तो नीट दाखवला आहे. सहकाऱ्यांच्या मागे राहिलेल्या मैल्याचं सोनखत. पाणी कुठून? रॉकेटच्या इंधनातून हायड्रोजन काढून, तो जाळून, आणि त्यात एकदा स्वतःला उडवून घेऊन. मग तो बटाटे मोजतो, दिवस मोजतो, दिवसाला किती खायचे ते ठरवतो. एकजण म्हणाला, “हा आपल्यावाणीच हाय गा.” या सिनेमात खोट नाही असं नाही. ज्या वादळानं सगळी गोष्ट सुरू होते ते मंगळावर होऊच शकत नाही, कारण तिथली हवा आपल्या हवेच्या एक टक्क्याएवढी विरळ. कादंबरी लिहिणाऱ्यानं स्वतः हे कबूल केलं आहे. मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे विषारी क्षार आहेत हे २००८ मध्ये फिनिक्स यानाला सापडलं होतं, त्याचाही सिनेमात पत्ता नाही. चालतं. पुढे बटाट्याचा हिशेब चोख ठेवला म्हणून आम्ही वादळ माफ केलं.

आता ‘इंटरस्टेलर’ची गोष्ट, जरा लांबवून, कारण त्यावर दुकानात भांडण झालं होतं. २०१४ चा सिनेमा. जगावर पिकांचा रोग आला आहे, गहू गेला, भेंडीचं शेवटचं पीक निघतंय, मका तेवढा उरला आहे, आणि धूळ थांबत नाही. हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. आमच्या धानावर तुडतुडा येतो तेव्हा बांधीच्या बांधी करपून जातात, लांबून पाहिलं तर कोणीतरी गोल गोल जाळल्यासारखं दिसतं. तेव्हा पहिला तास सगळे गप्प बसून होते. काळाचा भागही समजला. एका ग्रहावरचा एक तास म्हणजे इकडची सात वर्षं, बाप परत येतो तोवर पोरं बापाच्या वयाची. नोकरीसाठी पोरगं बाहेर पाठवलेल्या माणसाला याचं गणित शिकवावं लागत नाही. कृष्णविवराच्या चित्रामागे किप थॉर्नसारख्या शास्त्रज्ञाची समीकरणं होती, त्यांना पुढे २०१७ चं नोबेल मिळालं, हे भाच्यानं सांगितलं. आम्ही म्हटलं, बरं झालं.

मग तो प्रसंग आला. बाप अंतराळात, मुलगी शास्त्रज्ञ, मुलगा मागे राहून शेती करतो. त्याचं लेकरू धुळीनं खोकतंय, पण तो जागा सोडायला तयार नाही. त्याला घरापासून दूर न्यायला बहीण उभा मका पेटवून देते. दुकानात एक म्हातारे बाबाजी बसले होते, मोटार घ्यायला आलेले, अर्ध्यातून पाहत होते. ते एकदम म्हणाले, “उभा पीक कायले जारला गा तिनं?”

भाच्यानं समजावलं की तिला वहिनीला आणि लेकराला वाचवायचं होतं. बाबाजींना पटलं नाही. “सांगता नाही येत का तोंडानं?” सिनेमा पुढे गेला, कृष्णविवराच्या पोटात गेला, पुस्तकांच्या कपाटामागे गेला. बाबाजी त्या मक्यातच अडकले. मला विचाराल तर त्यांचं बरोबर होतं. त्या सिनेमात शेतात राहिलेला मुलगा हट्टी, मठ्ठ, वाटेतला धोंडा. अख्ख्या जगाला खायला घालायचं काम ज्याच्याकडे, त्याच्याकडे कॅमेरा कंटाळून पाहतो. शेवटी तर त्याचं काय झालं हेही कोणी धड विचारत नाही. एवढे अब्जावधी मैल मोजलेत, एक जळालेला मका मोजला नाही. सिनेमा मोठाच आहे, मी परतही पाहिला. पण बाबाजींचा प्रश्न आजवर कोणत्या परीक्षणात वाचला नाही.

अशा प्रेक्षकाला विज्ञानपट कळत नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

धीराचंही तेच. गावचा माणूस संथ गोष्टीला टिकत नाही म्हणतात. वडशाच्या नाटक कंपन्यांना विचारा. दिवाळी झाली की झाडीपट्टीचा, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याचा, नाटकांचा हंगाम सुरू होतो. शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असो की मंडई म्हणजे गावची जत्रा, त्या रात्री नाटक हवंच. धान कापलेल्या बांधीत, म्हणजे शेताच्या तुकड्यात, मंडप पडतो, खाली तणस, वर ताडपत्री. दहा-साडेदहाला पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. डिसेंबरच्या थंडीत घोंगडी पांघरून बाया लेकरांसकट बसलेल्या असतात. त्याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मी त्या मंडपात पाहिलं आहे की खलनायकानं पहिल्या अंकात चोरलेलं पत्र तिसऱ्या अंकापर्यंत कुठं गेलं हे नट विसरला तर मागून आवाज येतो, “चिठ्ठी कोठी गेली गा?” हा प्रेक्षक सगळं धरून ठेवतो.

थरारपटाकडे वळतो. ‘दृश्यम’ एवढा का चालला? मल्याळममध्ये २०१३ ला आला, मग कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी, सिंहली, चिनी. मराठीत मात्र नाही. त्यात ना हेलिकॉप्टर, ना बॉम्ब. हिंदीतला नायक चौथी नापास केबलवाला, आणि त्याची हत्यारं कोणती? बसचं तिकीट, हॉटेलचं बिल, कंडक्टरच्या डोक्यात पक्की बसवलेली तारीख. खेडेगावात राहणाऱ्याला ही भीती आतून माहीत आहे. इथं कोण कोणत्या गाडीनं गेलं, कोणाच्या टपरीवर थांबलं, हे चार माणसांना ठाऊक असतंच. कागद आणि साक्षीदार यांच्यावर माणूस तरतो किंवा बुडतो. मराठीला हे नवं नाही म्हणा. १९६४ चा ‘पाठलाग’ कोर्टातल्या साक्षींवरच उभा होता, आणि हिंदीवाल्यांनी दोन वर्षांत त्याचा ‘मेरा साया’ केला. तेव्हा ते आपल्याकडून न्यायचे.

खरा थरार कसा असतो ते आमच्याकडे फुकट पाहायला मिळतं. शेतीची लाईन रात्रीच्या पाळीत आली की बाराला बॅटरी आणि काठी घेऊन माणूस निघतो. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, चिमूर या पट्ट्यात वाघ किती आहेत ते वनखात्याला विचारा. शेतात स्टार्टर दाबायचा, मोटार पाणी फेकते का बघायचं, आणि झोपडीत बसून राहायचं. आता खरी गोष्ट. मोटार दीडशे पावलांवर विहिरीपाशी घूं करतेय आणि माणसाचा कान तिच्यावर आहे. अचानक आवाज बदलतो. जड, ओढल्यासारखा. विजेच्या तीन फेजांतला एक गेला. पाच मिनिटांत बंद केली नाही तर वाइंडिंग जळेल, म्हणजे माझं बिल, म्हणजे चार-पाच हजार. आणि बाहेर अंधारात बांधावरून चालत जायचं. माझ्याकडे आलेल्या कितीतरी जळक्या मोटारींमागे ही पाच मिनिटं आहेत. माणूस बाहेर पडला नाही म्हणून मोटार जळाली. मी काय बोलणार? वेढे भरतो.

या पाच मिनिटांचा सिनेमा कोणी केला नाही. सिनेमातल्या जंगलात वाघ येण्याआधी ढोल वाजतात, मग संगणकावर केलेला वाघ मांजरासारखा उडी मारतो. यवतमाळ जिल्ह्यात नरभक्षक ठरवलेल्या टी-१ (अवनी) वाघिणीचा शोध चालला होता तेव्हा हत्ती आणले, इटालियन कुत्रे आणले, वरून घिरट्या घालायला पॅरामोटर आणलं, तिला भुलवायला परदेशी अत्तर फवारलं. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली आणि त्यानंतर कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. कोणत्याही लेखकानं हे कागदावर मांडलं असतं तर निर्मात्यानं ‘फारच फिल्मी’ म्हणून परत केलं असतं. या प्रकरणाची आठवण यावी असा ‘शेरनी’ २०२१ मध्ये हिंदीत आला. तो मला आवडला, कारण त्यात ऑफिस होतं, निवडणूक होती, गुरं कुठं चारायची हा प्रश्न होता. भाचा म्हणाला वाघच कमी दिसते. त्याचं चित्रीकरण मध्य प्रदेशात झालं. मराठीत असा प्रयत्न का नाही, ते मराठीवाल्यांना माहीत.

“पैसा कुठाय?” असं उत्तर येतं. विज्ञानपट खर्चिक असतो हे मान्य. पण ज्या गोष्टींची मी भूक सांगतोय त्यांना ग्राफिक्स लागत नाही. १९७४ साली जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या खोट्या नावानं. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून स्वतःची आद्याक्षरं उलटी केली. कथेला बक्षीस मिळालं. एवढा मोठा शास्त्रज्ञ आपलं गणित अनोळखी माणसाच्या हाती तपासायला देतो, आणि आपले सिनेमावाले प्रेक्षकाला सांगतात, तपासू नका. कथा लिहिणारे मराठीत तेव्हापासून आहेत. पडद्यावर मात्र विज्ञान आलं की एक चक्रम प्रोफेसर, धूर निघणारी चंचुपात्रं आणि शेवटी भूत.

आणि जागा तर बघा. बुलडाणा जिल्ह्यात लोणारला उल्केच्या आघातानं झालेलं, बेसाल्टातलं, जवळजवळ १.८ किलोमीटर रुंद विवर आहे. जून २०२० मध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं, लोक कोप म्हणाले, कोणी करोनाशी जोडलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासलं तर खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले. ताडोबाच्या बफरमध्ये सीतारामपेठसारख्या गावात वाघ ओळखणारे एआय कॅमेरे लागले, वाघ दिसला की गावाला खबर जाते. भाच्याला मी म्हटलं, हाच विज्ञानपट आहे. खबर आली तेव्हा फोन कोणाकडे होता, तो चार्जिंगला होता का, कॅमेऱ्यानं वासराला वाघ म्हटलं तर तिसऱ्या खेपेला कोण पळणार? पाच गोष्टी निघतात यातून.

माझ्या म्हणण्याला एक आडवा मुद्दा घरातूनच येतो. बायको दिवसभर रोवणीत वाकून आलेली असते. ती टीव्हीवर दक्षिणेचा डब केलेला सिनेमा लावते, एका बुक्कीत दहा माणसं छपरावर जातात, ती हसते आणि झोपते. तिला मी पंचनामा सांगायला गेलो तर मलाच छपरावर पाठवेल. बरोबर आहे तिचं. तो सिनेमा आधीच सांगतो की मी गंमत आहे, आणि गंमतीला पावती लागत नाही. माझी तक्रार आहे ती ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’ असं गंभीर तोंडानं सांगून पन्नास वेढे भरणाऱ्यांशी. त्यांच्यामुळे पोरांना वाटायला लागतं की विज्ञान म्हणजे निळा उजेड आणि भराभरा टाइप करणं. लाडबोरीच्या कड्यानंतर चार दिवसांत मोबाईलवर जे व्हिडिओ फिरले ते सगळे त्याच शाळेतले होते, निळा उजेड, घुमणारा आवाज आणि परग्रहवासी.

मधल्या काळात मी एक गोष्ट शोधून काढली होती. आभाळातून दुसऱ्या देशाची वस्तू पडून नुकसान झालं तर कोण भरतं? १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, ज्यानं वस्तू सोडली तो देश भरतो, चूक असो नसो. १९७८ मध्ये सोव्हिएत रशियाचा अणुभट्टीवाला उपग्रह, कॉसमॉस ९५४, कॅनडाच्या बर्फात विखुरला. कॅनडानं साठ लाख डॉलरच्या आसपास दावा लावला, हाती आले तीस लाख. म्हणजे तिथंही अर्धीच भरपाई.

भाचा आता नागपूरला शिकतो. मागच्या दिवाळीत आला तेव्हा वही घेऊन दुकानात बसला. पिच्चरची गोष्ट लिहिली होती. पाडव्याची रात्र, आभाळातून कडं पडतं, शेतात रुततं, त्यातून उजेड निघतो. मी हातातली तार न थांबवता विचारलं, “कोणाच्या शेतात?”

“शेतकऱ्याच्या.”

“गट नंबर? सातबारा कोणाच्या नावानं आहे? भाऊहिस्से झाले का? भरपाईचा अर्ज चीनला करायचा तर सही कोण करणार, मोठा का धाकटा?”

तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. मग पेन काढलं आणि म्हणाला, “मामा, मंग हिरो तलाठी घ्या लागते.”